जीपचं मूळ पेट्रोल इंजिन परत बसवावं का?

अंबाजोगाईकडच्या एका वाचकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. आजोबांनी पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतलेली १९६७ ची महिंद्रा जीप, सीजे थ्री बी. १९८७-८८ च्या सुमारास वडिलांनी तिचं पेट्रोल इंजिन उतरवून प्यूजोचं डिझेल बसवलं. जुनं इंजिन तेव्हापासून गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्याखाली पडून आहे, जाम झालंय. आता जीप पूर्ण उघडून नव्यासारखी करायला काढलीय. मेकॅनिक म्हणतो, "मालक, दोन्ही इंजिनं भंगारात घाला. डीआय टाकू, पॉवर स्टेअरिंग टाकू, पोरं खूश होतील." धाकटा भाऊ म्हणतो, मूळ इंजिनच पाहिजे. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात अजून पेट्रोलच आहे. काय करावं?

उत्तर आधी सांगून टाकतो. पोत्याखालच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग, शाबूत निघाला तर पेट्रोल इंजिनच परत बसवा. नसेल तर त्याच जातीचा दुसरा ब्लॉक शोधा, आणि तो मिळेपर्यंत आहे ते प्यूजो चालू द्या. डीआय, म्हणजे महिंद्राचं नंतरचं डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल, मात्र या गाडीत नको. 'ओरिजिनल ते ओरिजिनल' एवढ्याच जोरावर मी हे म्हणत नाही. माझं जालन्यात बोअरिंग (सिलिंडरची पोकळी, म्हणजे बोअर, कापून मापात आणणं) आणि क्रँक ग्राइंडिंगचं (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा घासणं) काम आहे. ओरिजिनल म्हणून मोठ्या हौसेनं आणलेली कितीतरी इंजिनं मीच "याच्यात पैसे घालू नका" म्हणून परत पाठवली आहेत. तेव्हा निकाल ब्लॉक बघूनच लावायचा. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गॅस्केट, पंप, कार्ब्युरेटर हे सगळं आज ना उद्या मिळतं किंवा करून घेता येतं. ब्लॉक कुणी नवीन ओतून देत नाही.

स्पॅनरला हात लावायच्या आधी आरसी बुक काढा. त्यात पेट्रोल लिहिलंय याचा अर्थ इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत कधी झालीच नाही. (इतकी वर्षं दर वेळी नूतनीकरण कसं होत गेलं, त्या चर्चेत मी पडत नाही.) मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणजे कागदाच्या दृष्टीनं आज तुमची चालती जीप चूक आहे आणि पोत्याखालचं जाम इंजिन बरोबर आहे. गावात फिरताना याचं काही वाटत नाही. पण हायवेवर कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडून पहिला इंजिन नंबर बघतो. दोन्ही इंजिनं महिंद्राच्याच गाड्यांतली आहेत, तेव्हा डिझेलची नोंद करून घेण्याचा रस्ता अगदीच बंद नाही. पण मूळ इंजिन परत बसवलं तर ती खटपट करायचीच गरज उरत नाही.

आता बुकातला नंबर ब्लॉकवर खरंच आहे का ते बघा. विलीज या मूळ अमेरिकी जीप कंपनीच्या या इंजिनावर नंबर ब्लॉकच्या तोंडाशी, वॉटर पंप बसतो त्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तिथं हमखास ग्रीस, धूळ आणि दोन-तीन हातांचा रंग साचलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि पितळी ब्रश एवढंच वापरा. ग्राइंडर, सँडपेपर, सँडब्लास्ट काहीही त्या जागेजवळ नेऊ नका, दोन मिनिटांत नंबर जातो. अक्षरं बुजलेली वाटली तर वरून पांढरा खडू घासा, बॅटरीचा उजेड बाजूनं आडवा मारा, खाचा दिसायला लागतात. फोटो काढून ठेवा, आणि ब्लॉक कुठल्याही वर्कशॉपमध्ये टाकताना त्या माणसाला ही जागा दाखवून सांगा.

नंबर जुळला नाही तर लगेच हिरमुसू नका. सरकारी गाड्यांची इंजिनं खात्याच्या वर्कशॉपमध्ये इकडची तिकडं होणं काही नवलाचं नव्हतं. मग ते इंजिन त्याच जातीचं आहे पण तुमच्या गाडीचं नाही, एवढंच. त्याची रीतसर नोंद करून घ्यावी लागेल. अशा वेळी कुणीतरी शहाणा भेटतोच, जो म्हणतो, "द्या इकडं, बुकातला नंबर पंच मारून देतो." त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. नंबर खोडून दुसरा ठोकणं सरळसरळ गुन्हा आहे. आणि तो पंच अनुभवी डोळ्याला लांबून कळतो, कारण अक्षरांची ठेवण आणि खोली जमत नाही.

एवढ्या जुन्या गाडीची नोंद बऱ्याचदा फक्त रजिस्टरवर असते, संगणकावर नसते. ती 'वाहन' प्रणालीवर आणायला बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे काम आत्ताच सुरू करा. इंजिन व्हायला जेवढा वेळ लागेल, त्यापेक्षा याला जास्त लागू शकतो.

आता ब्लॉककडे येतो. तुमच्याकडे आहे ते विलीजचं हरिकेन इंजिन, एफ-हेड. चार सिलिंडर, २१९९ सीसी, कागदावर ७५ हॉर्सपॉवर. महिंद्रानं १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. हरिकेनच्या आधीच्या लष्करी जीपला एल-हेड इंजिन होतं, ६० हॉर्सपॉवरचं, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिला. त्यामुळं इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून विलीजनं १९५३ साली थ्री बी काढताना बॉनेटच वर उचललं. तुमच्या जीपचं ते उंच कपाळ आहे ना, ते या इंजिनामुळंच आहे. आत दुसरं काहीही बसवलं तरी कपाळ तेवढंच राहणार, पण त्याला अर्थ उरणार नाही; ही माझी आवड-निवड म्हणा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यानं या इंजिनाचं दुखणंही तिथंच असतं. सगळ्यात तापणारी जागा म्हणजे एक्झॉस्टची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड), आणि तिच्यापासून सिलिंडरची भिंत अगदी जवळ. इंजिन एकदा जरी पाण्याविना तापलेलं असेल, आणि त्यावर कुणी घाईनं थंड पाणी ओतलं असेल, तर सीटपासून बोअरच्या दिशेनं केसासारखी चीर जाते. डोळ्यांना ती बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून हेड काढल्यावर "ब्लॉक क्लीन आहे" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डाय टेस्ट करून घ्या: जागा साफ करून लाल रंग मारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नंतर पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून आत हवेचं प्रेशर द्यायचं आणि साबणाच्या पाण्यानं बुडबुडे बघायचे. या दोन तपासण्या झाल्याशिवाय मी तरी बोअरिंग मशीनवर ब्लॉक चढवत नाही.

पण तिथपर्यंत पोचायला आधी इंजिन उघडलं पाहिजे, आणि तुमचं जाम आहे. जाम इंजिनाला जबरदस्ती करणारेच त्याची वाट लावतात. टॉमी लावून फ्लायव्हील फिरवू नका, पुढून मोठा पाना लावून चारजण लटकू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता आणि आठ-दहा दिवस विसरून जा. मधून मधून पातळी बघा. एखाद्या सिलिंडरमधलं पटकन उतरलं तर तिथल्या रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, एवढी माहिती फुकटात मिळते. बाजूचं टॅपेट कव्हर उघडून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेच मिश्रण सोडा. बरेचदा पिस्टन मोकळे असतात आणि अडकलेले असतात ते व्हॉल्व्ह. तरीही हललं नाही तर हेड काढा, चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) खालून उघडा, आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोका. पिस्टन गेला तरी चालेल, त्याला पैसे पडतात. ब्लॉक जाता कामा नये.

उघडल्यावर प्रत्येक बोअरच्या वरच्या काठाशी आतून नख फिरवा. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथं पायरी लागेल. नखाला जेमतेम जाणवली तर इंजिन तसं कमी चाललेलं आहे. नख अडकून थांबलं तर बोअर करावंच लागणार. नक्की आकडा बोअर गेजवर कळतो. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, प्रत्येक जागी क्रँकच्या रेषेत आणि आडवं असं दोनदा माप घ्यायचं. मूळ बोअर ३.१२५ इंच, म्हणजे साधारण ७९.४ मिलीमीटर. गोलाईत किंवा वर-खाली पाच थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा टाकून भागत नाही. पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे थाऊ मोठे, येतात. उघडलेल्या पिस्टनच्या माथ्यावरच बहुतेक वेळा आकडा ठोकलेला असतो, तो बघा. तिथं ४० दिसलं म्हणजे पुढं बोअर करायला जागा संपली असं समजा. तरीही घाबरायचं कारण नाही, चारही सिलिंडरना लायनर (आतून बसवायची नळी) टाकून परत स्टँडर्ड पिस्टनवर येता येतं. एकाच सिलिंडरला लायनर आणि बाकी तीन तसेच, असली तडजोड मी करत नाही.

क्रँकचंही तसंच. जर्नल (बेअरिंग बसतात त्या गोल जागा) मोजा, ओरखडे बघा, भेग तपासा. तीस थाऊ अंडरसाइजपर्यंत, म्हणजे तेवढा बारीक होईपर्यंत, घासता येतो. त्याच्या पुढं गेलेला असेल तर दुसरा क्रँक शोधा. क्रँक बदलल्यानं इंजिन दुसऱ्याचं होत नाही, नंबर ब्लॉकवर असतो.

आता समजा डाय टेस्टमध्ये चीर निघाली. एकाच जागी, सीटपासून बोअरकडं गेलेली असेल तर उपाय आहे: पिना गुंफून चीर थंडपणे शिवून घ्यायची, सीटला नवीन इन्सर्ट (वेगळी कडी) बसवायचा आणि त्या ब्लॉकला लायनर टाकायचे. हे काम करणारे थोडे आहेत आणि त्यांचा हात बघूनच काम द्यावं. "वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्याकडं मात्र जाऊ नका. बिडाचा ब्लॉक नीट गरम न करता आणि हळूहळू थंड न करता वेल्ड केला की चीर वेल्डच्या शेजारून पुढं सरकते. चिरा दोन-तीन सिलिंडरना असतील, किंवा बाहेरची भिंत फुटलेली असेल, तर त्या ब्लॉकला मी नाही म्हणतो. मग त्याच जातीचा दुसरा ब्लॉक बघायचा. जुना मात्र टाकायचा नाही, तेल लावून, नंबरासकट, जपून ठेवायचा. आमच्या जालन्यात स्टीलच्या भट्ट्यांना रोज भंगार लागतं, आणि त्या ट्रकांमध्ये काय काय येतं हे बघून मला कित्येकदा वाईट वाटलंय. एकदा भट्टीत गेलेला नंबर परत येत नाही.

बदलायला म्हणून आणलेली बरीच इंजिनं निर्दोष असतात. तक्रार ठरलेली असते: "गरम होतं. मे महिन्यात घाट चढत नाही. इंजिनच थकलंय." वडिलांनी तुमचं इंजिन उतरवलं ते कदाचित डिझेल स्वस्त होतं म्हणून, पण कदाचित याचसाठीही. जिंतूरकडून एक जीप अशीच आली होती. मालकांनी दुसऱ्या इंजिनाचा इसारसुद्धा देऊन ठेवला होता. मी आधी ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटेची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढले. दोन प्लगांच्या मागं पाणीच नव्हतं. होता तो पांढरट-पिवळा, चुन्यासारखा घट्ट थर. तार घालून खरवडला तर त्याचे पापुद्रे पडायला लागले. मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा जवळपास बुजलेली होती. मोजलं तर बोअर बरा होता, क्रँक बरा होता. मालक तीस वर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतत आले होते.

मराठवाड्यात हा सगळ्यात मोठा शत्रू आहे, धुळीपेक्षाही. आपलं बोअरवेलचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घालायचं, उन्हाळ्यात उडून गेलं की परत तेच भरायचं, आणि क्षार मात्र सगळे आतच साचत राहतात. चहाच्या पातेल्याला बसतो तोच थर, फक्त तो लोखंडाच्या भिंतीला बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या ब्लॉकचे वेल्श प्लग सगळे काढा, खरवडा, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून धुवा, नवीन प्लग टाका. रेडिएटर उघडून नळ्या मोकळ्या करून घ्या. नुसता बाहेरून धुतलेला रेडिएटर म्हणजे दुरुस्त केलेला नव्हे. पुढं कूलंट घाला आणि ते बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. अडचणीच्या वेळी आरओच्या जारचं पाणीही चालेल, ते आता गावोगाव मिळतं. हापशाचं मात्र कधीच नाही.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, बसवा. तो काढून फेकणं हा आपल्याकडच्या मेकॅनिकांचा जुना छंद आहे. थर्मोस्टॅट काढल्यानं इंजिन उन्हाळ्यात तापायचं थांबत नाहीच, वर हिवाळ्यात ते कधी नीट गरम होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, ते बोअरवरचं तेल धुऊन काढतं, ऑइलमध्ये चिखल होतो आणि बोअर लवकर झिजतो. गरम होण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे मागं पडलेला इग्निशन टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं), जो तपासायला काही मिनिटं लागतात.

पेट्रोलबद्दलची भीतीही बघून घेऊ. शिसं नसलेलं पेट्रोल चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. देशात २००० सालापासून सगळीकडं तेच मिळतंय. या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या इन्सर्टच्या आहेत, आणि कॉम्प्रेशन रेशो सातच्याही खाली. साधं पेट्रोल त्याला पुरतं, महागडं घालून काही हाती लागत नाही. त्रास आहे तो इथेनॉलचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला, बुचाच्या लाकडाला ते सोसत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) मऊ पडून फाटतो, आणि तो फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्यायची सवय लावा. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नका. नळ्या, डायफ्राम, कार्ब्युरेटरची सीलं हे सगळं सुरुवातीलाच इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, नाहीतर इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि टाकी आतून गंजते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. नाहीतर मेमध्ये परभणी-नांदेडच्या उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चौकात बंद पडते. तेव्हाही दोष इंजिनावरच येतो.

मायलेजबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. दोन आकडी मायलेज विसरा.

प्यूजोबद्दल बोलायचं तर ते वाईट इंजिन नाही. २११२ सीसीचं हे डिझेल महिंद्रानं स्वतः आपल्या एमएम ५४० या जीपमध्ये दिलं, आणि काळी-पिवळीच्या जमान्यात या भागातली अर्धी माणसं त्याच्याच आवाजात तालुक्याला गेली. पण थ्री बीमध्ये ते बसवताना काय काय कापलं गेलं ते शोधा. पुढचं क्रॉसमेंबर, इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट, फायरवॉल, बेल हाउसिंगची ॲडॅप्टर प्लेट. डिझेल जड, म्हणून पुढचे पाटे बसलेले असतील आणि माउंटिंगजवळ चॅसीला चीर असू शकते. तिथला रंग खरवडूनच बघा. वायपर चालतात का? मूळ वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. डिझेलला तसा व्हॅक्यूम नसतो, म्हणून ते काढून फेकलेले असण्याचीच शक्यता जास्त. कापलेलं सगळं परत जोडता येत असेल तर पेट्रोलकडं परतणं सोपं. चॅसीच कापलेली असेल तर खर्चाचा मोठा आकडा इंजिनाचा नसून त्याचा असेल, हे आधीच धरून चाला.

डीआयला माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. तुमची जीप चार ड्रम ब्रेकांची, एकाच सर्किटच्या मास्टर सिलिंडरची आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. गिअरबॉक्स तीन गिअरचा, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खरखर न करता बसवणारी सोय) नाही. पुढं-मागं पाटे आणि बारीक टायर. या सगळ्याचं एकमेकांशी गणित जमलंय ते १११ मिलीमीटरच्या लांब स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेच्या), खालच्या आरपीएमला ओढणाऱ्या, सावकाश पळणाऱ्या इंजिनाशी. जास्त ताकद आणि पॉवर स्टेअरिंग दिलं की चालवणारा पोरगा ती वापरणारच. मग गिअरबॉक्स बदला, ॲक्सल बदला, ब्रेक डिस्कचे करा, आणि शेवटी मूळ जीपचा फक्त पत्रा उरतो. वर त्याची नोंदणी आणखी अवघड. रोज शेतावर न्यायला, खताची पोती टाकायला गाडी पाहिजे असेल तर तेवढ्या पैशात वापरलेली बोलेरो घ्या. खरंच सांगतोय, टोमणा नाही.

विंटेज नोंदणीचा विचार मनात असेल तर इंजिनाचा निर्णय आणखी पक्का होतो. केंद्र सरकारनं २०२१ साली त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. १९६७ ची जीप वयात बसते, डिझेल बसवलेली मात्र रूपात बसत नाही. नव्यानं होणाऱ्या नोंदणीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नोंदणी दहा वर्षांची. पण ही गाडी मग प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आठवड्याच्या बाजाराला जीप न्यायची असेल तर विंटेजच्या मागं लागू नका, साधी नोंदणीच बरी.

फियाट आणि ॲम्बेसेडरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण तेही हेच विचारतात. फियाटचं १०८९ सीसी इंजिन सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. मुंबईच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्याच्या जातीवर चालल्या, त्यामुळं सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही अजून आहेत. ॲम्बेसेडरमध्ये मूळ १४८९ सीसीच्या जागी इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल बसवायचा मोह समजण्यासारखा आहे, कंपनीनं स्वतःच ते पुढं दिलं होतं. काहीही न कापता आणि नोंद करून बसवत असाल तर माझी हरकत नाही. जुनं इंजिन मात्र घरी ठेवा.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावला असता. आधी आरटीओत गाडीचा उतारा काढा, बॅकलॉग एंट्रीचं बघा आणि नंबर जुळवा. दरम्यान इंजिन तेलात भिजत ठेवा. मग ब्लॉक, क्रँक आणि हेड एवढंच घेऊन जवळच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये जा, मापं कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद बघूनच पिस्टन मागवा. आधी पिस्टन आणून मग त्या मापाचा बोअर करायला लावणारे लोक भेटतात, तसं करू नका. इंजिन जोडून झालं की गाडीत बसवायच्या आधी स्टँडवर चालवून ऑइल प्रेशर आणि पाण्याची गळती बघा. सुरुवातीला जास्त ओझं नको आणि सलग एकाच वेगानंही नको. पहिलं ऑइल लवकर बदला. गरम झाल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांपासून दहाच्या आत आलं पाहिजे.

प्यूजो मात्र लगेच विकून मोकळे होऊ नका. पेट्रोलवर गाडी उभी राहून, तपासणी होऊन, नूतनीकरणाचा शिक्का बुकावर पडेपर्यंत ते झाकून ठेवा. त्याचे इंजेक्टर आणि पंप प्लास्टिकनं बांधा, चेंबरमध्ये ऑइल राहू द्या, पाणी पूर्ण काढून टाका. मग गिऱ्हाईक बघा. चालू स्थितीतल्या प्यूजोला एमएम ५४० वाले अजून विचारत येतात.